सुमनची झोप आणि माझी गाणी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटसुलट करून वाचला आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला सिव्हिअर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया आहे. म्हणजे झोपेत तुमचा घसा आतून मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरतो आणि तुम्हाला अर्धवट उठवतो. रात्रभर हेच चालतं. तुम्हाला वाटतं आपण झोपलो. पण ती झोप नाही."

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात देव आला नाही की मुलगा आला नाही. मनात आलं, मग हे सुमनला का नाही झालं?

सुमन म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझ्या शेजारच्याच खुर्चीवर माझी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. वयाने माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. चेहरा बघाल तर नुकतीच अंघोळ करून आल्यासारखा ताजा. मी मात्र खुर्चीतच पेंगत होते, डॉक्टर बोलत असताना!

हे लिहायचं कारण एवढंच, की तुमच्या घरात साठीच्या पुढचं कुणी विसरायला लागलं असेल, सकाळी डोकं धरून बसत असेल, बसल्याजागी डुलक्या काढत असेल, तर "आता वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आमच्या घरात सगळ्यांनी तेच केलं. सगळ्यांत आधी मी केलं. मला लिहायची सवय नाही, बोलते तसंच लिहिलंय. राग, हेवा, काही गाळलेलं नाही. गाळलं तर हे दुखणं तुम्हाला कळणारच नाही.

आम्ही वसईजवळच्या गास गावचे. पिढ्यानपिढ्या फुलांचा धंदा. मोगरा, कागडा, तगर. फूल उमलायच्या आत कळी खुडायची, म्हणून पहाटे तीनला उठून कपाळाला बॅटरी बांधून वाडीत जायचं. उजाडायच्या आत पाट्या दादरला रवाना. लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मी तीनला उठतेय. आमच्याकडे बाई किती चांगली हे तिच्या उठण्यावरून ठरायचं. सासूबाई चारचौघांत सांगायच्या, "माझी मोठी सून, तिला हाक मारावी लागत नाही." ते ऐकून मी चार आणे वजनाने वाढायचे.

मग सुमन आली. आमच्यातलीच, पण बाप मुंबईत नोकरीला, क्वार्टरमध्ये वाढलेली. फुलाचा देठ कुठे धरायचा ते ठाऊक नाही. आणि झोप? अगं बाई, काय सांगू! पाठ टेकली की झोपली. रात्री साडेनवाला डोळे मिटले की सकाळी सहाला उघडणार. वर दुपारी जेवून पुन्हा अर्धा तास. सासूबाईंनी बोलून बघितलं, अबोला धरून बघितला, भांडी आपटून बघितली. ही आपली उठायची, "सॉरी हं आई" म्हणायची, दिवसभर मरमर काम करायची आणि रात्री वेळ झाली की गप झोपायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या दिराने, कधी तिला उठवलं नाही. त्याचाही मला राग यायचा.

मी तिला झोपाळू म्हणायचे. पोटात मात्र दुखायचं. मला कधी अशी झोप लागली नाही. नवरा गेला, वाडीचा मोठा तुकडा गेला, तिथे बिल्डिंग उभी राहिली, फुलांचा धंदा दोन वाफ्यांवर आला. खुडायला काही उरलं नाही तरी मी तीनला उठतच राहिले. उठून करायचं काय? दारापुढच्या ओट्यावर बसायचं. समोर सुमनच्या घराचं दार बंद. त्या बंद दाराकडे बघत मी जळत बसायचे.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती, जी तिच्याकडे नव्हती. गाणी.

आमच्याकडे हळदीच्या दिवशी बायका मांडवात गोल बसतात आणि आमच्या बोलीतली लग्नाची गाणी म्हणतात. एक जण ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात. मांडव घालताना वेगळं, हळद दळताना वेगळं, नवरीला न्हाऊ घालताना वेगळं. कुठे लिहिलेलं नाही, सगळं तोंडपाठ. सासूबाईंनी ती मला दिली. सांगणारीला पहिला मान. उमेळ्यापासून कळंबपर्यंत कुणाकडेही कार्य असो, "गाणी सांगायला आमच्याकडे याल ना?" असं आमंत्रण यायचं. सुमन माझ्या मागे बसून ओळ उचलायची. तेवढ्या एका जागी ती माझ्या मागे होती, म्हणून मी सुखी होते.

दुखणं तिथेच सुरू झालं.

शेजारच्या पाड्यातली हळद होती. न्हाणाचं गाणं चाललं होतं, शेकडो वेळा सांगितलेलं. आणि पुढची ओळच येईना. जिभेवर नाही, मनात नाही, कुठेच नाही. बायका माझ्या तोंडाकडे बघतायत. मागून सुमनने हळूच ओळ दिली. मी ती घेतली आणि पुढे गेले. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विसरल्याचं दुःख होतंच, पण हिला आठवलं कसं, याची आग जास्त.

मग बाकीचं सुरू झालं. गॅसवर दूध ठेवून विसरले. नातीला, स्नेहाला, माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. वालाचे दाणे सोलताना डुलकी लागून ताट उलटलं. सकाळी उठल्यावर कपाळ ठणकायचं, तोंडाला कोरड, रात्री चार-चारदा लघवीला. मुलगा राजू म्हणाला, "आई, वय झालं आता." सून अर्चना म्हणाली, "आराम करत जा." मी काय केलं ठाऊक आहे? मला वाटलं, रियाज कमी पडतोय. म्हणून अजून लवकर उठायला लागले.

ही चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात. काही बिघडलं की लवकर उठायचं, हेच आम्हाला ठाऊक. पीक बिघडलं, लवकर उठा. घरात भांडण झालं, लवकर उठा. गाणी विसरायला लागली, तर दोनला उठा आणि ओट्यावर बसून म्हणा. मी म्हणायचे. जितकी म्हणायचे तितकी निसटायची. काल पक्कं केलेलं गाणं आज पुन्हा भोकाभोकांचं. मग शेजारणीकडची झोपेची अर्धी गोळी घेतली, म्हटलं निदान राहिलेल्या वेळात तरी झोप लागेल. दुसऱ्या दिवशी तर दुपारपर्यंत माणूस ओळखू येईना.

मनातल्या मनात मला खात्री पटली होती. आमच्या गल्लीतल्या एका आजींना डिमेन्शिया झाला होता, म्हणजे मेंदूची अशी झीज, की माणूस शेवटी आपलं घरदारही विसरतो. त्या स्वतःच्या अंगणात उभ्या राहून "मला घरी सोडा" म्हणायच्या. मला ते दिसायला लागलं. आणि त्याच सुमारास स्नेहाचं लग्न ठरलं.

माझी एकुलती एक नात. तिच्या हळदीला गाणी मी सांगणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. सात-आठ महिने हातात होते. मला दुसरं काही नको होतं. फक्त त्या दिवशी मांडवात माझ्या तोंडून गाणी निघायला हवी होती, आणि मागून सुमनने ओळ द्यायला नको होती.

माझं दुखणं ओळखलं कुणी, तर तिनेच! एका दुपारी मी ओट्यावरच्या खुर्चीत पेंगत होते. ही समोरून आली, बघत उभी राहिली आणि मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. संध्याकाळी अर्चनाला दाखवला. मी मधे पडले, "काय चाललंय? माझ्या घोरण्याची गाऱ्हाणी?" सुमन म्हणाली, "वहिनी, घोरणं नका बघू. घोरणं थांबतं ते बघा."

बघितलं. तोंड उघडं, मान लटकलेली, आवाज असा की लाज वाटावी. मग एकदम सगळं शांत. छाती हलतेय, पण हवा आत जात नाही. बराच वेळ तसंच. मग गुदमरल्यासारखी एक धाप, मान वर, आणि पुन्हा घोरणं. व्हिडिओत सुमनचा आवाज येतो, "वहिनी! अहो वहिनी!" आणि व्हिडिओतली मी तिला म्हणते, "झोपले नव्हते मी."

माझं डोकं फिरलं. पण अर्चना घाबरली आणि तिने वेळ घेतली.

वसई रोडला न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे, जायचं होतं. अर्चनाला रजा नाही, राजूला नाही. सोबत कोण? सुमन. मी म्हटलं, दुसरं कुणी मिळालं नाही का?  ती आपली पर्स घेऊन रिक्षात जाऊन बसलीसुद्धा.

आधी रक्त दिलं. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह बघायला. ही दोन्ही बिघडली तरी माणूस विसरतो, आणि ती औषधाने सुधारतात, म्हणून ती आधी बघतात. बी-ट्वेल्व्ह थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मग एमआरआय, म्हणजे मेंदूचा फोटो. पत्र्याच्या पिंपात घालून बाहेरून हातोडे मारल्यासारखा आवाज. वयाच्या मानाने ठीक, असं म्हणाले. मोठी झीज नाही.

मग स्मरणशक्तीची परीक्षा. मला ती कधी विसरता येणार नाही, आता हसा हवं तर! डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले, मग घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि शेवटी विचारलं, "मघाचे पाच शब्द?" मला दोन आठवले. तिसऱ्याला मी आढ्याकडे बघत बसले. सुमन कोपऱ्यात बसली होती. तिचे ओठ हलताना मला दिसले. पाचही शब्द म्हणत होती, मेली! तिची परीक्षासुद्धा नव्हती. परत येताना रिक्षात मी विचारलं, "तुला आठवले का गं?" तिने लगेच घडाघडा सांगितले, त्यातल्या जोडाक्षराच्या शब्दासकट. उमेळ्याच्या फाट्यापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंनी नाव दिलं, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. म्हणजे वयाच्या मानाने जरा जास्त विसरणं, पण अजून स्वतःचं स्वतः करता येतंय. "हा डिमेन्शिया नाही," त्या म्हणाल्या. "काहींचं पुढे वाढतं, काहींचं तिथेच राहतं, काहींचं सुधारतं. सुधारण्यासारखं कारण सापडतं का ते बघू." मग सुमनने व्हिडिओ दाखवला. तो बघून त्या सरळ बसल्या आणि स्लीप स्टडी लिहून दिली.

स्लीप स्टडी म्हणजे हॉस्पिटलात एक रात्र झोपायचं आणि यंत्राने ती झोप मोजायची. डोक्याला चिकट लावून वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. दुखत काहीच नाही, कुणी घाबरू नका. केसातलं चिकट मात्र दोन दिवस जात नाही. सोबतीला पुन्हा सुमन. बाजूच्या बाकावर चादर टाकली, "वहिनी, काही लागलं तर उठवा" म्हणाली आणि पाचव्या मिनिटाला गाढ. वायरी मला आणि झोप हिला! मी छताकडे बघत पडले आणि म्हटलं, देवा, हिच्याच डोक्याला लाव रे या वायरी, तुला हवी तशी झोप बघायला मिळेल.

तर त्या स्टडीचा रिपोर्ट म्हणजे अगदी सुरुवातीला सांगितला तो.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी पुष्कळ समजावलं. माझ्या लक्षात राहिलं तेवढं सांगते. गाढ झोपेत मेंदूची झाडलोट होते. बाजार उठल्यावर झाडूवाले येतात ना, तसं. दिवसभरात साठलेला कचरा तेव्हा जास्त निघतो. आणि दिवसा शिकलेलं, म्हटलेलं, ते पक्कं होतं तेही झोपेतच. "तुम्ही पहाटे उठून गाणी म्हणत होतात," त्या म्हणाल्या, "म्हणजे नवी कळी खुडायला म्हणून वाडीत जात होतात आणि ज्या पाटीत टाकायची तिलाच बूड नव्हतं." ही उपमा त्यांना सुमननेच सुचवली असणार, आमच्या धंद्याचं त्यांना काय ठाऊक?

मी विचारलं, "पण म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच लागते ना?" त्या म्हणाल्या, "कमी लागते असं नाही, मिळते कमी. वय वाढलं की झोप उथळ होते, सारखी मोडते. गरज मात्र तशीच राहते." आणखी एक सांगितलं, ते बायकांनी नीट ऐका. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो. पण घोरणं हे पुरुषांचं काम अशी आपली समजूत, म्हणून बाई तपासायला येतच नाही. माझ्यासारखी एकटी झोपणारी असेल तर ऐकणारंही कुणी नसतं. शेजारणीच्या गोळीबद्दल तर मला चांगलंच फैलावर घेतलं. असल्या काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो आणि डोकंही जड होतं. विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

मी शेवटी विचारलं, "माझी गाणी परत येतील?"

त्या म्हणाल्या, "आजी, खोटं सांगत नाही. जे आहे ते राखता येईल. गेलेलं किती येईल, ते मला सांगता यायचं नाही."

मग सीपॅप आलं. हे एक छोटं यंत्र, त्याची नळी, नळीला मुखवटा. तो नाकावर बांधून झोपायचं. यंत्र हवेचा हलका दाब देतं, त्यामुळे घसा मिटत नाही. स्नेहा म्हणाली, "आजी, सोंड!" आणि हसून लोळली. पहिले काही आठवडे मी रोज झोपेत ते ओढून फेकायचे. नाक कोरडं, गालावर वळ, नळीचा फुसफुसाट. एकदा तर रागाने कपाटात कोंडून ठेवलं. सुमन संध्याकाळी चौकशीला यायची, "लावलंत का काल?" मला वाटायचं, तुला काय गं विचारायला, तुला कुठे सोंड लावावी लागते! तिच्यापुढे हरायचं नाही म्हणून मी ते पुन्हा लावलं. हेच खरं कारण, दुसरं नाही. मुखवट्याचा आकार बदलून घेतला, यंत्राला पाण्याची डबी बसवली आणि मग जमायला लागलं. तुम्हाला त्रास झाला तर सोडून देऊ नका, आकार बदलून मागा.

बाकीचे नियम साधे होते, पण मला जड गेले. रोज एकाच वेळेला झोपा. चारनंतर चहा नाही. सकाळी ऊन अंगावर घेत चाला. दुपारी झोपायचं तर थोडंच, तेही यंत्र लावून. आणि तीनला उठायचं नाही. हे शेवटचं ऐकून मी रडले. हाक न मारता उठणारी मी, मला आता डॉक्टर सांगतात, लोळत पडा! सुमन जन्मभर जे करत आली ते म्हणे बरोबर होतं. कुणी शिकवलं नाही, कुणी औषध दिलं नाही, हिने शिव्या खाल्ल्या आणि आपली झोपत राहिली. मला मान मिळाला, हिला मेंदू राहिला.

हळूहळू फरक पडला. पहिल्यांदा कपाळ ठणकायचं थांबलं. मग रात्रीचं उठणं कमी झालं. मग एक दिवस लक्षात आलं, की वर्तमानपत्र पूर्ण वाचलं आणि काय वाचलं ते सांगताही आलं. स्नेहाला स्नेहा म्हणूनच हाक मारत होते. दुपारी चारनंतर मी ओट्यावर बसून गाणी म्हणायला लागले, मोठ्याने, समोरच्या दारात ऐकू जाईल अशी. बरीचशी होती. काही अर्धी होती. न्हाणाच्या गाण्याचा मधला भाग मात्र गेला होता, तो आलाच नाही.

हळदीच्या आठवडाभर आधी अर्चना माझ्याजवळ येऊन बसली. हातातला नॅपकिन घडी घालते, उलगडते. मग म्हणाली, "आई, हळदीला गाणी... सुमनकाकी सांगतील का? तुम्हाला ताण नको. नवऱ्याकडचे लोक येणार, व्हिडिओवाला असणार."

"मी मेले का?" मी म्हटलं.

ती उठून गेली. मला ठाऊक होतं, ती वाईट नव्हती बोलली. पण त्या रात्री यंत्र लावूनही झोप आली नाही. एकच डोक्यात. ही आता माझी जागाही घेणार.

हळदीला मीच बसले. नऊवारी नेसून, पाटावर, पहिल्या जागेवर. मांडवाचं गाणं सांगितलं, अख्खं. हळद दळायचं सांगितलं, बायकांनी असं उचललं की बाहेर स्पीकर लावायच्या खटपटीत असलेली पोरं आत डोकावली. स्नेहा पिवळ्या साडीत माझ्याकडे बघत होती. माझा आवाज तापला होता. मग न्हाणाचं धरलं. तीन ओळी गेल्या. चौथीला पोचले आणि भिंत.

बायका थांबल्या. व्हिडिओवाल्याचा दिवा माझ्या तोंडावर. मागे सुमन होती, एवढ्या वर्षांसारखी. पण तिने ओळ दिली नाही. मी वळून बघितलं. ओठ मिटून ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी. मला कळलं, तिला येतंय. मी मागितल्याशिवाय ती देणार नाही, एवढंच. तिनेसुद्धा ओट्यावरची माझी गाणी महिनाभर ऐकली होती. कुठे भोकं आहेत ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

मी पाटावरून सरकले. म्हटलं, "सुमन, पुढे ये. तू सांग. मी उचलते."

ती आली आणि सांगायला लागली. आणि काय सांगू, माझ्याच आवाजात! तीच लय, ओळीच्या शेवटी मी घेते तोच हेलकावा. मी बायकांबरोबर ओळ उचलत होते, आयुष्यात पहिल्यांदा. मधला भाग आला, जो माझ्याकडून गेला होता. त्यात ती ओळ आली,

"नवरी ग बाई झोपंची रानी,
ऊन आलं दारान, कोन भरील पानी?"

बायका खदखदून हसल्या. स्नेहाने तोंड लपवलं. मी उचलली, पण मला काही केल्या ती ओळ आठवेना. गाणं संपलं, स्नेहाला न्हाणीकडे नेलं, आम्ही दोघी मांडवात मागे राहिलो. मी विचारलं, "ती झोपेच्या राणीची ओळ सासूबाईंची का गं? मी कशी विसरले?"

"सासूबाईंची नाही," ती म्हणाली. "तुमची आहे. मी नवी होते. माझ्याकडे बघून तुम्ही मांडवात जोडलीत. सगळ्या किती हसल्या होत्या."

"आणि तू?"

"मी घरी येऊन रडले."

 मी म्हटलं, "मग ठेवलीस कशाला? गाळून टाकायची. मला तरी कुठे आठवत होती?"

ती हळदीची परात उचलत म्हणाली, "गाणं तुम्ही दिलंत, वहिनी. त्यातली एक ओळ मी कशी गाळू?"

मी तिथेच पाटावर बसले. तिचा हेवा मला तेव्हाही वाटला. आजही वाटतो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तिची झोप, तिचं डोकं, तिचा तजेला, सगळ्याचा. पण माझं जे माझ्याजवळ राहिलं नाही, ते या बाईने सांभाळलं होतं, मी तिला मारलेल्या टोमण्यासकट. अशी माणसं ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या आधी त्यांचे पाय धरावेत.

मी तिच्या हातातली परात काढून बाजूला ठेवली. म्हटलं, "सुमन, माझी जी गाणी गेलीत ती मला परत शिकवशील?"

तिने पदराने हात पुसले, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "कुठलं आधी घेऊ?"